पेपरला कुलूप दिसतंय? आधी आपल्या लायब्ररीच्या दारातून जाऊन बघा

गुगलवर हवा तो पेपर सापडतो. नाव तेच, लेखक तेच, गोषवाराही नेमका आपल्या विषयाचा. उघडायला गेलं की समोर किंमत येते, तीस-चाळीस डॉलर, आणि त्याखाली ‘खरेदी करा’चं बटण. पीएच.डी.चं कोर्सवर्क करणारे कितीतरी विद्यार्थी इथेच थांबतात. मग गोषवाऱ्यावर भागवलं जातं, नाहीतर त्या पेपरबद्दल दुसऱ्या कुणी लिहिलेली दोन वाक्यं उचलून प्रबंधात घातली जातात. ग्रंथालयाच्या मदत-टेबलावर बसताना मला याचं फार वाईट वाटतं, कारण यातल्या बऱ्याच पेपरांचे पैसे त्यांच्या विद्यापीठाने, कॉलेजने किंवा सरकारने आधीच भरलेले असतात. समोरचा विद्यार्थी त्याच विद्यापीठाचा आहे, हे त्या वेबसाइटला कळलेलं नसतं, म्हणून ती किंमत दाखवते. ते तिला कसं कळवायचं, हे एकदा समजलं की अर्ध्याहून जास्त अडचण संपते.

सुरुवातीला तीन गोष्टी वेगळ्या करून घेऊ. लेख अस्तित्वात आहे हे सांगणारी जागा एक, लेख प्रत्यक्ष ठेवलेली जागा दुसरी, आणि तो वाचायचा हक्क ही तिसरी गोष्ट. स्कोपस, वेब ऑफ सायन्स, वैद्यकातलं पबमेड ही पहिल्या प्रकारची, म्हणजे सूची आहेत. कुणी काय लिहिलं, कुठे छापलं, कुणी त्याचा संदर्भ दिला, हे त्या सांगतात. लेख त्यांच्याकडे नसतो. सायन्सडायरेक्ट, स्प्रिंगरलिंक, टेलर अँड फ्रान्सिस ऑनलाइन या प्रकाशकांच्या स्वतःच्या जागा. जेस्टॉर अनेक प्रकाशकांची नियतकालिकं एकत्र ठेवतं, त्यातही जुने अंक मुख्यतः. तिसरी गोष्ट हक्काची, आणि तो ग्रंथालयाच्या वर्गणीतून येतो. स्कोपस आणि सायन्सडायरेक्ट दोन्ही एल्सेव्हियर या एकाच कंपनीची आहेत, तरी ‘आमच्याकडे स्कोपस आहे’ याचा अर्थ ‘पेपर उघडेल’ असा होत नाही. त्या दोन वेगळ्या वर्गण्या आहेत.

आता वेबसाइट आपल्याला ओळखते कशी, ते बघू. सर्वांत जुनी आणि आजही सगळीकडे चालणारी पद्धत आयपी पत्त्याची, म्हणजे इंटरनेटवर जोडणीची ओळख सांगणाऱ्या क्रमांकाची. विद्यापीठाच्या इंटरनेट जोडणीला ठरावीक आयपी पत्ते असतात. ग्रंथालय ते प्रकाशकाला कळवतं. त्या पत्त्यांवरून कुणीही आलं की साइट आपोआप उघडते, पासवर्डही लागत नाही. बऱ्याचदा पानाच्या वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात विद्यापीठाचं नाव दिसतं. ते नाव बघायची सवय लावून घ्या. ते दिसलं तर तुम्हाला ओळखलेलं आहे. तरीही लेख उघडत नसेल, तर ते नियतकालिक वर्गणीतच नाही, किंवा वर्गणी काही ठरावीक वर्षांचीच आहे.

यातली नेहमीची फसगत मोबाईलची. विद्यार्थी वाचनकक्षातच बसलेला असतो, पण फोन वाय-फायवर नसून स्वतःच्या डेटावर असतो. साइटच्या दृष्टीने तो मग विद्यापीठाच्या बाहेरचा कुणीतरी. शेजारच्या मुलीच्या लॅपटॉपवर तोच पेपर उघडतो आणि याच्या फोनवर उघडत नाही, तेव्हा आधी डेटा बंद करून वाय-फाय चालू करायचं.

घरून किंवा गावाकडून वाचायचं असेल तर दुसरी पद्धत लागते. भारतात त्यासाठी ‘इन्फेड’ नावाची व्यवस्था आहे. गांधीनगरचं इन्फ्लिबनेट केंद्र ती चालवतं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या अखत्यारीतलं हे केंद्र देशातल्या विद्यापीठ ग्रंथालयांना जोडण्याचं काम १९९१ पासून करतंय. विद्यापीठ इन्फेडचं सदस्य असलं की ग्रंथालय तुम्हाला युजरनेम आणि पासवर्ड देतं. मग प्रकाशकाच्या पानावर ‘ॲक्सेस थ्रू युवर इन्स्टिट्यूशन’ असं लिहिलेला दुवा शोधायचा. काही ठिकाणी तो ‘इन्स्टिट्यूशनल लॉगिन’ किंवा ‘शिबोलेथ’ या नावाने असतो. दाबला की संस्थेचं नाव विचारतात. इथे पूर्ण अधिकृत नाव टाकायचं, इंग्रजीत. नुसतं ‘पुणे युनिव्हर्सिटी’ टाकून काही आलं नाही म्हणून परत फिरलेले पुष्कळ आहेत. आपल्या विद्यापीठाच्या नावात सावित्रीबाईंचं, बाबासाहेबांचं किंवा बहिणाबाईंचं नाव असेल, तर ते घालूनच शोधा. तेवढ्यानेही मिळालं नाही तर जुनं नाव टाकून बघा. नाव निवडलं की आपल्या विद्यापीठाचं लॉगिन पान उघडतं, तिथे ग्रंथालयाने दिलेली माहिती भरली की प्रकाशक तुम्हाला परत त्याच लेखावर आणून सोडतो, या वेळी कुलूप नसलेल्या. काही विद्यापीठं इन्फेडऐवजी किंवा त्याच्या जोडीला स्वतंत्र रिमोट ॲक्सेसची सोय घेतात, तिचं ॲपही असतं. आपल्याकडे कोणती आहे, हे ग्रंथालयाच्या वेबसाइटवर ‘ई-रिसोर्सेस’च्या पानावर लिहिलेलं असतं.

तालुक्याच्या कॉलेजात शिकणाऱ्यांना वाटतं, हे सगळं विद्यापीठाच्या आवारातल्यांसाठी. तसं नाही, आणि मला हे ठासून सांगायचंय. कॉलेजांसाठी ‘एन-लिस्ट’ नावाची स्वतंत्र योजना आहे, तीही इन्फ्लिबनेटचीच. कॉलेज वर्षाला थोडकी वर्गणी भरून सदस्य होतं आणि मग प्राध्यापकांना आणि विद्यार्थ्यांना प्रत्येकी स्वतंत्र खातं मिळू शकतं. हजारो नियतकालिकं आणि त्याहून कितीतरी जास्त ई-पुस्तकं त्यात आहेत. अडचण अशी, की खातं आपोआप मिळत नाही. ग्रंथपालांकडे नाव आणि ई-मेल द्यावा लागतो, ते नोंदणी करतात. पुष्कळ कॉलेजांत ही वर्गणी नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, फाइलसाठी दरवर्षी भरली जाते आणि वापरणारी माणसं मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. तेव्हा एम.ए.च्या पहिल्या वर्षालाच जाऊन विचारा, ‘सर, आपल्या कॉलेजला एन-लिस्ट आहे का? माझं खातं काढून द्याल का?’ विद्यार्थी विचारायला लागले की ग्रंथपालांनाही हुरूप येतो. मी हे पाहिलंय.

गेल्या काही काळातला मोठा बदल म्हणजे ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी ही योजना मंजूर केली. २०२५, २०२६ आणि २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये. तीस मोठे प्रकाशक आणि जवळपास १३,००० नियतकालिकं त्यात आहेत. एल्सेव्हियर, स्प्रिंगर नेचर, वायली, टेलर अँड फ्रान्सिस, सेज, ऑक्सफर्ड आणि केंब्रिज विद्यापीठांची प्रकाशनं, आयट्रिपलई ही त्यातली ओळखीची नावं. पूर्वी प्रत्येक विद्यापीठ आपल्या ऐपतीप्रमाणे वर्गणी घ्यायचं. त्यामुळे आयआयटीत जे उघडायचं ते गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठात उघडेलच असं नव्हतं. आता केंद्र आणि राज्य सरकारच्या उच्च शिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्था, अशा ६,३०० हून अधिक संस्थांसाठी एकच वर्गणी सरकार भरतं. अंमलबजावणी इन्फ्लिबनेटकडेच आहे. आपली संस्था यात मोडते का, हे मात्र तपासायला हवं. योजना सरकारी संस्थांपासून सुरू झाली आहे आणि महाराष्ट्रातली बहुतेक कॉलेजं खासगी संस्थांची आहेत, अनुदानित असली तरी. शेजारच्या विद्यापीठात उघडतं म्हणजे आपल्या कॉलेजातही उघडेल, असं धरून चालू नका.

आता एक खरा पेपर शोधू. शर्मिला रेगे यांचा ‘दलित विमेन टॉक डिफरंटली’ हा लेख समाजशास्त्र, स्त्री-अभ्यास, मराठी साहित्य, कुठल्याही बाजूने आलात तरी कधी ना कधी समोर येतो. संदर्भसूचीत तो साधारण असा दिसतो: इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली, खंड ३३, अंक ४४, १९९८, पानं डब्ल्यूएस ३९ ते डब्ल्यूएस ४६.

पहिली चूक इथे होते ती ही, की विद्यार्थी लेखाचं नाव ग्रंथालयाच्या ओपॅकमध्ये टाकतो. ‘नो रेकॉर्ड्स फाउंड’. म्हणजे आपल्याकडे नाही, असा निष्कर्ष काढून तो बाहेर पडतो. ओपॅक हा पुस्तकांचा आणि नियतकालिकांच्या नावांचा तक्ता असतो. प्रत्येक अंकातल्या प्रत्येक लेखाची नोंद त्यात नसते. तिथे शोधायचं ते नियतकालिकाचं नाव. इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली टाकलं की बांधीव खंड कोणत्या वर्षापासूनचे आहेत ते कळेल. मुंबईहून निघणारं हे साप्ताहिक महाराष्ट्रातल्या जुन्या ग्रंथालयांच्या कपाटांत असण्याची शक्यता चांगली. १९९८ चा खंड काढायचा, ३१ ऑक्टोबरचा अंक उघडायचा. इथे ‘डब्ल्यूएस’चं कोडं सुटतं. ती पानं त्या अंकातल्या ‘रिव्ह्यू ऑफ विमेन्स स्टडीज’ या विशेष विभागाची आहेत, आणि त्या विभागाला वेगळे पानक्रमांक आहेत. नेहमीचं पान ३९ उघडून बसलात तर लेख सापडणार नाही. संदर्भातलं प्रत्येक अक्षर जपून ठेवावं ते यासाठी.

बांधीव खंड नसेल तर ऑनलाइन. ग्रंथालयाच्या वेबसाइटवर ई-नियतकालिकांची अकारविल्हे यादी असते, तिच्यात पुन्हा नियतकालिकाचंच नाव शोधायचं. एकच नियतकालिक दोन-तीन ठिकाणी असू शकतं आणि प्रत्येक ठिकाणी वर्षं वेगळी. या साप्ताहिकाचे जुने अंक जेस्टॉरवर आहेत. ताजे अंक जेस्टॉरवर सहसा नसतात, कारण शेवटची काही वर्षं प्रकाशक स्वतःकडे ठेवतो आणि दर वर्षी एक-एक वर्ष पुढे सरकवतो. १९९८ चा लेख हवा असणाऱ्याला त्याचा त्रास नाही. विद्यापीठाकडून जेस्टॉर नसेल, तर स्वतःच्या ई-मेलने जेस्टॉरचं फुकट खातं काढता येतं. त्यावर महिन्याला शंभर लेख पडद्यावर वाचता येतात, उतरवून घेता येत नाहीत. सगळेच लेख त्यात येतात असं नाही, पण इतिहास आणि समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला याचा फार आधार होतो. भांडारकर संस्थेच्या ‘ॲनल्स’ या नियतकालिकाचे अंकही जेस्टॉरवर आहेत, हे प्राच्यविद्येच्या मंडळींनी लक्षात ठेवावं.

विज्ञानाकडचा रस्ता थोडा सरळ आहे, कारण तिथे डीओआय असतो. प्रत्येक लेखाला दिलेला हा कायमचा क्रमांक. वेबसाइट बदलली, प्रकाशक विकला गेला, तरी क्रमांक तोच राहतो. वॉटसन आणि क्रिक यांच्या डीएनएच्या रचनेवरच्या १९५३ च्या पेपरचा डीओआय आहे १०.१०३८/१७१७३७ए०. तिरप्या रेघेच्या आधीचा भाग ‘नेचर’च्या प्रकाशकाचा. पुढचं १७१ म्हणजे खंड आणि ७३७ म्हणजे पान. सगळेच प्रकाशक इतक्या सुबोधपणे क्रमांक देत नाहीत, काहींचे निव्वळ आकडे असतात, आणि आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या नियतकालिकांतल्या लेखांना डीओआयच नसतो. डीओआय असेल तर डीओआय डॉट ओआरजी या पत्त्यापुढे तो लावला की थेट लेखाच्या पानावर जाता येतं. पत्ता असा: डीओआय डॉट ओआरजी, मग तिरपी रेघ, मग क्रमांक. अर्थात इंग्रजी आकड्यांत आणि अक्षरांत.

पण डीओआय नेहमी प्रकाशकाच्या दारात नेतो, आणि तुमचा हक्क कदाचित दुसऱ्याच दाराचा असतो. लेख प्रकाशकाकडे बंद आणि तुमच्या विद्यापीठाने घेतलेल्या दुसऱ्या संग्रहात उघडा, असं सर्रास होतं. म्हणून एक दार बंद दिसलं की शोध संपला असं समजायचं नाही. गुगल स्कॉलर इथे मदत करतं. त्याच्या सेटिंग्जमध्ये ‘लायब्ररी लिंक्स’ असा भाग आहे. तिथे आपल्या विद्यापीठाचं नाव शोधून खूण करायची. विद्यापीठाने आपली यादी गुगलला दिलेली असेल तर शोधलेल्या लेखाशेजारी विद्यापीठाच्या नावाचा दुवा यायला लागतो. शिवाय बऱ्याच निकालांखाली ‘ऑल व्हर्जन्स’ असतं. त्यावर गेलं की तोच लेख आणखी कुठेकुठे ठेवलाय ते दिसतं, आणि त्यातली एखादी प्रत लेखकाच्या स्वतःच्या विद्यापीठाच्या संग्रहात, कायदेशीर आणि फुकट, असते.

अशा फुकट प्रतींचं प्रमाण लोकांना वाटतं त्याहून खूप मोठं आहे. भौतिकशास्त्रातले पेपर अर्काइव्ह या खुल्या संग्रहावर १९९१ पासून येताहेत, गणित आणि संगणकशास्त्रातले त्यानंतर. वैद्यकातले पबमेड सेंट्रलवर. पबमेड ही सूची आणि पबमेड सेंट्रल हा पूर्ण लेखांचा संग्रह, नावं सारखी म्हणून गल्लत नको. बंगळुरूहून निघणारी ‘करंट सायन्स’ आणि ‘रेझोनन्स’ सगळ्यांसाठी खुली आहेत. ब्राउझरमध्ये ‘अनपेवॉल’ नावाची छोटी जोड बसवली की कुलूप असलेल्या पानावरच ती खुली प्रत शोधते, सापडली तर कडेला हिरवं चिन्ह येतं. दोन मिनिटांचं काम आहे. प्रत्येक संशोधक विद्यार्थ्याच्या संगणकावर ते असायलाच हवं, असं माझं मत.

एक काळजी मात्र घ्या. फुकट मिळालेली प्रत कोणती आहे ते बघा. परीक्षकांकडे जाण्यापूर्वीचा मसुदा, परीक्षणानंतर लेखकाने सुधारलेली प्रत, आणि नियतकालिकात छापलेली अंतिम प्रत, या तीन वेगळ्या. पहिलीत आणि तिसरीत निष्कर्षसुद्धा बदललेले असू शकतात. वाचायला कोणतीही चालेल, पण प्रबंधात अवतरण देताना आणि पानक्रमांक लिहिताना छापील प्रत पाहिलीच पाहिजे.

पेपर हाती लागतच नसेल तर लेखकाच्या पीएच.डी.चा प्रबंध बघा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांपासून प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणं बंधनकारक झालं आणि त्यातून ‘शोधगंगा’ हा प्रबंधांचा ऑनलाइन संग्रह उभा राहिला. भारतीय लेखकाचा पेपर पुष्कळदा प्रबंधाच्याच एखाद्या प्रकरणातून आलेला असतो, आणि प्रबंधात तक्ते, प्रश्नावली, मुलाखती पूर्ण मिळतात.

चोरट्या साइट्सबद्दल विद्यार्थी दबक्या आवाजात विचारतात, म्हणून त्याविषयीही सांगते. साय-हब २०११ मध्ये सुरू झालं आणि डिसेंबर २०२० मध्ये एल्सेव्हियर, वायली आणि अमेरिकन केमिकल सोसायटी यांनी दिल्ली उच्च न्यायालयात त्याविरुद्ध दावा दाखल केला. पेपर लिहिणाऱ्याला आणि तपासणाऱ्याला बहुतेक नियतकालिकं एक पैसाही देत नाहीत. तरी वाचणाऱ्याकडून चाळीस डॉलर मागतात. यावर राग येणं मला पूर्ण पटतं. पण आपल्या हक्काचा रस्ता माहीतच नाही म्हणून त्या साइटवर जाणारे जास्त आहेत, आणि ही परिस्थिती बदलण्यासारखी आहे.

मराठीतल्या संशोधनाला मात्र यातलं बहुतेक काही लागू पडत नाही. भारत इतिहास संशोधक मंडळाचं त्रैमासिक, ‘महाराष्ट्र साहित्य पत्रिका’, वाईचं ‘नवभारत’, यांचे जुने अंक प्रकाशकांच्या बड्या संग्रहांत नाहीत. डीओआय नाही, स्कोपसमध्ये नोंद नाही. त्यासाठी आधीच्या प्रबंधांच्या संदर्भसूची चाळायच्या, नियतकालिकांच्या छापील सूची बघायच्या, मग ज्या ग्रंथालयात खंड आहेत तिथे जायचं. जायच्या आधी फोन करा. जुने अंक पुष्कळदा वेगळ्या खोलीत असतात, ते काढून ठेवायला वेळ लागतो, आणि खंड नाजूक असेल तर झेरॉक्सला देत नाहीत. फोटो काढायची परवानगी मात्र बहुतेक ठिकाणी मागितली तर मिळते.

वर्गणीत मिळालेल्या संग्रहातून पेपर उतरवतानाही एक शिस्त पाळावी लागते. एखाद्या नियतकालिकाचे सगळे खंड एका रात्रीत उतरवून घ्यायला कुणी सॉफ्टवेअर लावलं, की प्रकाशकाच्या यंत्रणेला ते कळतं आणि सगळ्या विद्यापीठाचा प्रवेश बंद होतो. एकाच्या हौसेपायी प्रबंध सादर करायला आठवडा उरलेल्या मुलांचं काम अडतं. हवे ते लेख हवे तेवढेच घ्या, आणि जोडीला झोटेरोसारखं फुकट सॉफ्टवेअर वापरा, म्हणजे कोणती पीडीएफ कुठली हे सहा महिन्यांनीही कळेल.

सगळं करूनही लेख मिळाला नाही तर दोन वाटा उरतात. एक, लेखकालाच ई-मेल करायची. लेखाच्या पहिल्या पानावर किंवा गोषवाऱ्याच्या पानावर पत्ता असतो. मी कोण, कुठे शिकते, कशावर काम करते, तुमचा अमुक लेख आमच्याकडे उपलब्ध नाही, वाचण्यासाठी प्रत पाठवाल का, एवढी चार वाक्यं पुरेत. वैयक्तिक अभ्यासासाठी प्रत द्यायला बहुतेक प्रकाशक लेखकाला आडकाठी करत नाहीत, आणि आपलं कुणी वाचतंय याचा आनंद लेखकाला होतोच.

दुसरी वाट ग्रंथपालांची. ग्रंथालयं एकमेकांकडून लेखांच्या प्रती मागवतात. दिल्लीच्या डेलनेट या ग्रंथालयांच्या जाळ्याचं सदस्यत्व असेल तर देशातल्या कितीतरी ग्रंथालयांकडे विचारणा करता येते. विनंती करताना नुसतं ‘मला हा पेपर पाहिजे’ म्हणून लेखाचं नाव पाठवू नका. नियतकालिकाचं पूर्ण नाव, खंड, अंक, वर्ष, पानं आणि डीओआय असल्यास तो, हे एका खाली एक लिहा. कुठे अडलात त्या पानाचा फोटो जोडा, वरची पत्त्याची पट्टी दिसेल असा. तुम्ही आवारात होता की घरी, तेही लिहा. एवढं हातात आलं की माझ्यासारख्या माणसाला चुकलेलं लॉगिन आणि नसलेली वर्गणी यांतला फरक लगेच कळतो, आणि लेख बऱ्याचदा त्याच दिवशी मिळतो.